वेदरबीचं उलटं कोर्ट

मंगळवार, ६ जून १९११. वेदरबी

कोर्ट उलटं बांधलंय.

उलटं म्हणजे पाया वर आणि छप्पर खाली असं नाही. आरशात दिसावं तसं. डावीकडचं सगळं उजवीकडे, उजवीकडचं सगळं डावीकडे. अख्खं! दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत दगड चढलाय.

मार्चमध्ये बर्फावरून घसरून पाय मोडला, तेव्हापासून घरात प्लास्टर घालून पडलो होतो. आज पहिल्यांदा काठी टेकत गाडीतून उतरलो, चौकात आलो, मान वर केली — आणि तोंडचं पाणी पळालं. माझ्या नकाशात तुरुंग पश्चिमेला, तबेल्याच्या अंगाला. चोरांना घोड्याच्या लिदीचा वास आला तर कुणाचं काही बिघडत नाही. न्यायाधीशांची खोली आणि कोर्टाचं दालन पूर्वेला, मेथडिस्ट चर्चच्या अंगाला. सकाळचं ऊन, झाडं, शांतता. शिकागोत अकरा वर्षं दुसऱ्याच्या कचेरीत दुसऱ्याच्या नावाचे नकाशे काढले, तेव्हापासून हे कोर्ट मनात रचत होतो. आणि आता तुरुंगाच्या खिडक्या चर्चमध्ये डोकावतायत आणि न्यायाधीश बसणार तबेल्याशेजारी.

कंत्राटदार ब्राटेन टोपी हातात धरून शेजारी उभा, शाबासकीची वाट बघत. नॉर्वेचा माणूस. हाताचा प्रामाणिक, बोलायला कमी. मला त्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. भिंतीवर माझी ब्लूप्रिंट. सगळी अक्षरं उलटी! नकाशाचं ट्रेसिंगचं कापड काचेच्या चौकटीत पालथं ठेवून उन्हात छाप काढला की असं होतं. कालपरवा कामाला लागलेला माणूससुद्धा ही चूक करत नाही. ब्लूप्रिंटशेजारी खिळ्याला ब्राटेनचा दाढीचा आरसा.

तो म्हणाला, आधी काही कळेना. मग दाढी करताना मागचा नकाशा आरशात दिसला आणि सगळं वाचता आलं. मोठ्या शहरात हल्ली अशीच पद्धत असेल, असं वाटलं त्याला.

मी चाचरत विचारलं, आरसा फक्त अक्षरांपुरताच वापरलास ना?

"तर!" तो अभिमानानं म्हणाला. "अक्षरं वाचायची असतात, साहेब. भिंती दिसतात तशा बांधायच्या."



अख्ख्या इमारतीत एकच वस्तू जागेवर आहे — कोनशिला. ब्लूप्रिंटप्रमाणे ती वायव्येला जात होती, पण कोनशिला बसवायचा मान असलेल्या फ्रीमेसन लॉजची म्हातारी मंडळी अडून बसली. कोनशिला ईशान्येलाच, वाडवडिलांपासून! त्यांनी नकाशा बाजूला सारला आणि ईशान्येला बसवली. तिच्यावर कोरलंय: ल्यूशियस प्रॅथर, वास्तुशिल्पी. चाळीस वर्षांच्या आयुष्यात माझं नाव पहिल्यांदा दगडावर आलं. अक्षरांवरून हात फिरवला. मग ब्राटेनला म्हटलं, छान झालंय. एवढंच म्हटलं.

बुधवार, ७ जून. डेव्हनपोर्ट

घरी. गाडीत पाच तास विचार केला.

छाप काढणं हे ऑगस्टाचं काम. लग्न झाल्यापासून तीच गच्चीवर चौकट उन्हात ठेवते, तीच कागद धुते, तीच दोरीवर चिमटे लावून वाळत घालते. ट्रेसिंगही तीच करते. अक्षरंही तिचीच. जिन्याच्या पायऱ्याही तीच मोजते, कारण माझ्या हिशेबात दर वेळी एक पायरी कमी पडते. पण डोकं माझं. तेव्हा चूक कुणाची, हे उघड आहे.

तिला सांगायचं नाही असं ठरवलं. बिचारी कोसळेल. शिवाय मोठेपणा दाखवायची अशी संधी माणसाला रोज मिळत नाही. आणि खरं सांगायचं तर — बाहेर कळलं तर कोनशिलेवर माझं नाव राहील का? झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवार, ८ जून

जेवताना ऑगस्टाकडे दोनदा क्षमाशील नजरेनं बघितलं. ती म्हणाली, पोटात दुखतंय का?

शनिवार, १४ ऑक्टोबर. वेदरबी

उद्घाटन. बँड, झेंडे, तीन पाद्री, अकरा भाषणं. न्यायाधीश हॅनिबल क्विग बोलता बोलता दोनदा नाकाला रुमाल लावून थांबले. वारा पश्चिमेचा होता. लोकांना वाटलं, गहिवरले.

दिवसभर जीव मुठीत. आत्ता कुणीतरी बोट दाखवेल, आत्ता कुणीतरी म्हणेल! एक बाई म्हणाली, प्रॅथरसाहेब, जरा इकडे या — मी टोपी काढत पुढं झालो. तिला फक्त हात धुवायची जागा हवी होती. मी सांगितलं, डावीकडे. ती जागा निघाली उजवीकडे. चोराच्या मनात चांदणं.

ऑगस्टा सगळीकडे फिरली. तुरुंगाच्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. "मला वाटत होतं, ही बाजू..." एवढं म्हणाली आणि माझ्याकडे बघून थांबली. मी तिला पुन्हा ती नजर दिली. परतीच्या गाडीत तिनं माझ्यासाठी सोड्याची पुडी काढली.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

वेदरबीहून पत्र! मिसेस डॉर्कस लूमिस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात, गाणारी मंडळी त्यांच्याच हाताखाली. लिहितात, गेली अकरा वर्षं मंडळींत खर्जाचा आवाज नव्हता. सगळ्या बायका आणि एक न्हावी. आता तुरुंगाची खिडकी ऑर्गनपासून दहा फुटांवर. पहिल्याच रविवारी स्तोत्र सुरू झालं आणि गजांमागून एक घोडेचोर खर्जात उतरला. त्याच्या मागोमाग दोन बायका करून आत गेलेला एक सुतार. ऐकायला शेजारच्या गावांतून बग्ग्या भरभरून लोक येतात. "इतका पुढचा विचार करणारा वास्तुशिल्पी आम्ही पाहिला नाही."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना वाटलं, विचार खरंच चांगला होता.

ऑगस्टाला वाचून दाखवलं. ती हसता हसता खाली बसली. यात हसण्यासारखं काय होतं?

सोमवार, २२ जानेवारी १९१२

आज न्यायाधीश क्विग यांचं पत्र. मी घाबरतच फोडलं. लिदीबद्दल असणार!

लिदीबद्दलच आहे. पूर्वी कुंपणाचा एक तंटा तीन-तीन आठवडे चालायचा. आता खिडकी लावली तर शेगडीनं जीव गुदमरतो, उघडली तर तबेला आत येतो. एकही वकील दहा मिनिटांच्या वर तोंड उघडं ठेवत नाही. सगळे निकाल जेवणाच्या आत. अठराशे साठ साली सुरू झालेला एक खटला गेल्या गुरुवारी संपला. शेवटी लिहितात, "तुमचा डाव मी ओळखला, प्रॅथर. कुणाला सांगणार नाही."

आता मलाही आठवायला लागलंय की हे थोडंफार मुद्दामच केलं होतं.

शनिवार, ९ मार्च

तीन काउंट्यांची पत्रं. तिघांनाही "वेदरबीसारखं" कोर्ट हवंय. कचेरीच्या दारावर सोनेरी अक्षरं लावून घेतली. खाली टोप्यांचं दुकान असलेल्या टोपीवाल्यानं पहिल्यांदाच मला आधी गुड मॉर्निंग म्हटलं.

ऑगस्टानं विचारलं, वेदरबीसारखं म्हणजे कसं? नकाशासारखं की इमारतीसारखं?

मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. नंतर बराच वेळ चैन पडलं नाही. म्हणजे तिला कळलंय! स्वतःची चूक तिला माहीत आहे आणि तोंडातून शब्द काढत नाही. लाज वाटत असणार.

मंगळवार, १० जून १९१३

कॉर्लिस काउंटीचं कोर्ट मी सुलटं बांधलं. जसं मनात होतं तसं, डावीकडचं डावीकडे. माझं खरं कोर्ट! उघडून चार महिने झाले. आज त्यांचं पत्र.

कोर्टाच्या दालनात इतकी छान हवा येते, बाहेर लायलॅकची सुवासिक झुडपं इतकी फुललीत, की वकिलांना उठवत नाही. एका मेलेल्या वासराचा खटला सहाव्या आठवड्यात गेलाय. ज्यूरीतला एक जण आपला डबा घेऊन येतो आणि निकाल लागला तरी येतो. तुरुंगात उदासी. दोन कैदी पळून गेले ते नुसते कंटाळून.

दुसरं कोर्ट हार्कनेस काउंटीत, ते ठरवून उलटं काढलं. पण तिथं तुरुंगाच्या बाजूला प्राथमिक शाळा निघाली! आता पोरं केसाच्या पिनेनं कुलूप उघडतात आणि कैदी मात्र सातच्या पाढ्याला अडकलेत.

नाचता येईना अंगण वाकडं, असं कॉर्लिसच्या वर्तमानपत्रानं माझ्याबद्दल छापलंय. अंगण खरंच वाकडं होतं! मी त्यांना दोनदा लिहिलं होतं.

बुधवार, ११ जून

तिसऱ्या काउंटीनं काम काढून घेतलं. ऑगस्टा म्हणाली, अहो, जागा बघून या ना एकदा, नकाशा काढायच्या आधी. वारा कुठून येतो, शेजारी कोण राहतं.

मी म्हटलं, मी वास्तुशिल्पी आहे, टपालवाला नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर. वेदरबी

इथं येऊन दोन दिवस झाले. इमारतीत असं काय आहे जे मला पुन्हा जमत नाही, ते शोधायला आलो. सापडलं ते भलतंच.

शेरीफ ऑर्लो टिबेट्स लोकांना आवाजावरून पकडतो!

तो लपवतही नाही. गुन्हे कमी झालेत, म्हणतो, काय करणार? मिसेस लूमिस महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याला यादी देतात — खर्जाचे दोन, मधल्या पट्टीचा एक. मग तो बाजारात फिरतो, कान देऊन. गेल्या महिन्यात स्टेशनमास्तरला रस्त्यावर थुंकल्याबद्दल उचललं. चार गाड्या सिग्नलशी उभ्या होत्या. गावकऱ्यांची तक्रार नाही. उलट, बायको नवऱ्याला म्हणते, पुरे झालं गुणगुणणं, बाहेर ऐकू जाईल.

अॅमॉस फेन म्हणून एक साधा शेतमजूर आहे. वरच्या पट्टीतला आवाज, अक्षरशः देवाची देणगी. एका कोंबडीपायी पाच महिने आत. शेरीफला विचारलं, किती दिवस ठेवणार? तो म्हणाला, ईस्टर होऊ दे.

मला जेवण गेलं नाही. माझी खिडकी दुसऱ्या बाजूला असती तर हा माणूस एव्हाना घरी असता.

मंगळवार, ७ एप्रिल १९१४

ठरलं. वेदरबीला जाऊन कोर्ट बांधून घेणाऱ्या समितीला सगळं सांगायचं. इमारत उलटी आहे, चूक झाली, माफ करा, कोठड्या पश्चिमेला हलवा आणि त्या फेनला सोडा.

रोजनिशीत तरी खोटं लिहू नये. फेनबद्दल वाईट वाटतंच. पण त्यासाठी मी चार महिने थांबलो होतो! आत्ता निघालोय ते कॉर्लिसच्या पत्रामुळं. काल पुन्हा आलं. माझ्या सुलट्या इमारती कुणाला नकोत आणि जी सगळ्यांना हवी ती माझी नाही, हे आता सहन होत नाही. ऑगस्टाचं नाव मात्र शक्यतो मध्ये आणायचं नाही.

बुधवार, ८ एप्रिल. वेदरबी

समितीपुढं उभा राहिलो. छातीवर हात ठेवून सगळं सांगितलं. आधी हसले. मग हसायचे थांबले. अध्यक्ष बियाण्यांचे व्यापारी आहेत, त्यांचा चेहरा लाल झाला. आमचं कोर्ट उलटं? मग सूर्य उगवतो तोही चुकीच्या बाजूनं, असं म्हणा! राज्यभरातून माणसं बघायला येतात आणि तुम्ही आमच्या तोंडावर नावं ठेवता?

शेरीफ टिबेट्स दाराशी टेकून उभा होता. मी काय बोलतोय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले.

"साहेब, तो शब्द परत म्हणा जरा," तो म्हणाला. "उलटं."

म्हटलं.

"लांबवून."

लांबवून म्हटलं. माझा आवाज बऱ्यापैकी खालचा आहे, वडिलांचाही होता. त्यानं डोळे उघडले, खिशातून बेड्या काढल्या आणि काउंटीच्या मालमत्तेचा अपमान केल्याबद्दल मला अटक केली.

गुरुवार, ९ एप्रिल

कोठडी क्रमांक दोन. मी काढलेली.

पेन्सिल ठेवू दिली. झोपायची फळी सहा फुटांची आहे आणि मी सहा फूट दोन इंच. नकाशा काढताना कैदी बुटके असतात असं का वाटलं होतं, आठवत नाही. कपडे टांगायला खुंटी नाही. पेला ठेवायला कट्टा नाही. दाराचा आवाज असा येतो की दात आंबतात. इतकी वर्षं इमारती काढतोय, पण आपण काढलेल्या खोलीत सकाळी जागा झालो असं हे पहिल्यांदाच.

शेजारी अॅमॉस फेन. त्याला सगळं सांगितलं, क्षमा मागितली. तो म्हणाला, खिडकी चांगलीय हो, फक्त एक फळी तेवढी हवी होती, वही ठेवायला. मी विचारलं, कसली वही? त्यानं दाखवली. आत आल्यावर स्वरलिपी वाचायला शिकलाय.

दुपारी मिसेस लूमिस यांनी लांब काठीला बांधून खिडकीतून आंबट-गोड रुबार्बची पेस्ट्री आणि माझ्या वाट्याच्या ओळी पाठवल्या. म्हणाल्या, तिसऱ्या कडव्यात घाई करू नका.

शनिवार, ११ एप्रिल

तालीम. तिसऱ्या कडव्यात घाई केली. घोडेचोरानं सांभाळून घेतलं.

रविवार, १२ एप्रिल. ईस्टर

गायलो.

चर्चच्या खिडक्या उघड्या, आमचे गज, मध्ये दहा फूट हवा. पलीकडून बायकांचे आवाज यायचे, आमचे खालून जायचे, आणि त्या दहा फुटांत काहीतरी तयार व्हायचं जे ना त्यांचं होतं ना आमचं. फेन वर गेला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. रडलो, लपवलंही नाही. घोडेचोरही रडत होता.

ही इमारत चांगली आहे. तीन वर्षं तिची कीर्ती खातोय, पण चांगली आहे हे आज कळलं. आणि ती मी काढलेली नाही, हेही आजच धडपणे कळलं. नंतर सगळ्यांना हॅम वाटलं.

सोमवार, १३ एप्रिल

खटला. अकरा वाजता सुरू झाला. वारा पश्चिमेचा, खिडक्या उघड्या, न्यायाधीश क्विग यांच्या नाकाला रुमाल. मागच्या बाकावर ऑगस्टा! सकाळच्या गाडीनं आली, करडी टोपी घालून.

न्यायाधीशांनी वेळ घालवला नाही.

"प्रॅथर, हे कोर्ट तुमच्या नकाशाप्रमाणे आहे?"

"नाही."

"तुमच्या मनात होतं तसं?"

"बिलकूल नाही."

"मग हे जसं आहे तसं कुणामुळं झालं?"

तोंडाशी आलेलं गिळायला पाहिजे होतं. पण शपथ घेतली होती. आणि तीन वर्षांचा मोठेपणा घशाशी आला होता, तोही कधीतरी बाहेर पडणारच.

"माझ्या बायकोमुळं," मी म्हटलं. "छाप तिच्या हातचे असतात."

सगळ्या माना मागं वळल्या. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुमचं काही म्हणणं आहे?" ऑगस्टा उभी राहिली. माझ्याकडे बघत राहिली, इतका वेळ की एक वकील खोकला. मग म्हणाली, "काही नाही," आणि खाली बसली.

अकरा चाळीसला निकाल. ज्याच्या हातून इमारत घडली त्याचं नाव कोनशिलेवर असावं. ल्यूशियस प्रॅथर हे नाव काढावं, ऑगस्टा प्रॅथर घालावं. ईस्टर झाल्यामुळं आरोपीची सुटका. फेनचीही सुटका. पण पुढच्या रविवारी एकट्यानं गायचं त्याच्याकडे आहे, त्यामुळं तो जायला तयार नाही. शेरीफनं त्याला फळी ठोकून दिली.

शनिवार, २५ एप्रिल. वेदरबी

ब्राटेननं कोनशिलेचं तोंड तासलं. माझं नाव निघायला पाव तासही लागला नाही. छिन्नी उचलण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं, साहेब, बाईंचं नाव दिसतंय तसंच कोरायचं ना?

म्हटलं, तसंच.

धूळ पायावर पडली. ती झटकली नाही, उगाच. दगडावर आपलं नाव पुसताना बघणं वाईट असतं. मला फार वाईट वाटलं.

शनिवार, ३० मे. डेव्हनपोर्ट

पत्रं येतात ती "ऑगस्टा प्रॅथर, वास्तुशिल्पी" या नावानं. कॉर्लिसवाल्यांनीही लिहिलंय, आमचं कोर्ट बाई दुरुस्त करतील का?

ती गेली. तीन दिवस राहिली. परत आली तेव्हा वहीत वारा कुठल्या महिन्यात कुठून, वकील कुठं जेवतात, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. एक भिंत पाडायला सांगितली आणि लायलॅकच्या जागी कोंबड्यांचं खुराडं. म्हणे, आता खटले दोन दिवसांत संपतात.

मी गच्चीवर तिचे छाप काढतो. चौकट जड आहे. सोळा वर्षं तिनं ती एकटीनं कशी उचलली, विचारलं नाही कधी.

मंगळवार, १६ जून

आज फुटलो. टोपीवाला जिन्यात म्हणाला, काय बाईंचे मदतनीस! वर आलो आणि सगळं ओकून टाकलं. तीन वर्षं तुला क्षमा केली, म्हटलं, शब्द काढला नाही, सगळं पोटात घातलं, आणि तू भर कोर्टात गप्प बसून माझं नाव घालवलंस!

ऑगस्टानं टी-स्क्वेअरची पट्टी खाली ठेवली. विचारलं, क्षमा कशाची?

"पालथ्या छापाची!"

"त्या आठवड्यात मी इथं होते कुठं? गॅलिना गावी नव्हते का, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला?" आणि पुन्हा रेघ ओढायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "क्षमा मीही केली होती. तुमच्यासारखी बघत बसले नाही, एवढंच."

पेटीतून मागची रोजनिशी काढली. मुद्दामच काढली, तिला दाखवायला. मंगळवार, २१ फेब्रुवारी १९११, माझ्याच अक्षरात: "ऑगस्टा गॅलिनाला. वेदरबीचे छाप स्वतःच काढले. ऊन छान. गाडी चुकू नये म्हणून ओलेच गुंडाळून पाठवले. यात एवढं अवघड काय असतं कळत नाही."

बुधवार, १७ जून

न्याहारीला विचारलं, न्यायाधीशांनी उभं केलं तेव्हा का नाही बोललीस?

ती पावाला लोणी लावत होती. "सोळा वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही चारचौघांत म्हणत होतात की हे माझ्या बायकोमुळं झालं," म्हणाली. "मी मध्ये कशाला बोलू?"

ऊन चांगलं होतं. छाप काढायला गच्चीवर गेलो.